फ्रेन्युलम आखूड असेल तर : ताण, मलम, की छेद?

औदुंबर

शिश्नमुंडाच्या खालच्या अंगाला, लघवीच्या छिद्राच्या जरा खाली, कातडीची एक बारीक उभी घडी असते. ती पुढच्या कातडीची आतली बाजू मुंडाला बांधून ठेवते. हा फ्रेन्युलम. बोलण्यात सगळे तिला 'शीर' म्हणतात, पण ती शीर नाही. तिच्यातून एक छोटी धमनी मात्र जाते, म्हणून ती फाटली की जखमेच्या मानाने रक्त फार येतं.

ही घडी आखूड असली की कातडी मागे घेताना मुंड खाली वाकतं, घडी पांढरी पडते, दुखते, आणि संबंधाच्या वेळी चिरते. यावर काय करता येतं याची नेमकी माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा. ज्यांना विषय माहीत आहे त्यांनी मात्रा, दिवस आणि कारणांसकट लिहावं. 'डॉक्टरांना दाखवा' एवढंच लिहून थांबू नका. काय दाखवायचं आणि काय विचारायचं तेही लिहा.

प्रश्न प्रौढांपुरता आहे. लहान मुलांची कातडी मागे न जाणं बहुतेकदा नैसर्गिक असतं आणि ती वाढत्या वयात आपोआप सुटते. जोर लावून मागे ओढली तर चिरा पडतात आणि त्या वणातूनच पुढे खरी तक्रार सुरू होते.

शल्यमित्र

उपायाआधी निदान, कारण इथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने फिरतात.

पहिली, नुसता आखूड फ्रेन्युलम. कातडीचं तोंड सैल असतं, बोट सहज फिरतं, वरच्या बाजूने कातडी पूर्ण मागे जाते, पण खालून दोरी ओढल्यासारखं मुंड झुकतं. दुसरी, फायमोसिस. इथे कातडीचं तोंडच अरुंद असतं, मागे घेताना चहूबाजूंनी कड्यासारखा आवळा बसतो. तिसरी, दोन्ही एकत्र. पाहायची पद्धत सोपी आहे : आधी लिंग सैल असताना कोमट पाण्यात कातडी हळू मागे घ्या, मग ताठ असताना थोडीच घेऊन बघा. सैल असताना सगळं ठीक आणि ताठ असताना फक्त खाली ओढ, तर फ्रेन्युलम. ताठ असताना गोल कडं आवळतंय, तर फायमोसिस. तिथे जोर लावू नका, कारण कडं मुंडामागे अडकलं तर सूज चढते आणि कातडी परत पुढे येत नाही. याला पॅराफायमोसिस म्हणतात. त्यात मुंडाचा रक्तपुरवठा अडतो, त्यामुळे तासाभरात इस्पितळ गाठायचं.

कातडी पूर्ण पुढे असतानाही लिंग वाकडं राहत असेल तर दोष फ्रेन्युलमचा नाही. जन्मजात वाक असू शकतो, किंवा वय वाढल्यावर आलेला पेरोनीचा आजार, ज्यात लिंगाच्या आत कडक वण धरतो. तिथे फ्रेन्युलम कापून काही साधत नाही.

रानवाट

यात लायकेन स्क्लेरोसस जोडायलाच हवा. पांढरट, चकचकीत, पातळ कागदासारखे डाग, कातडी हळूहळू कडक होत जाणं, फ्रेन्युलम मुंडाला चिकटून सपाट होणं, कधी लघवीची धार बारीक होणं. ही दाहाची दीर्घकाळ चालणारी व्याधी आहे आणि क्वचित त्यावर कर्करोग उद्भवतो, म्हणून ती ओळखून तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. अशा कातडीला ताण देत बसलं की रोज नव्या चिरा पडतात आणि प्रत्येक चिरेनंतर ती आणखी आखडते.

दुसरं म्हणजे साखर. आधी कधी त्रास नव्हता आणि आता अचानक कातडीच्या टोकाला बारीक उभ्या चिरा, खाज, पांढरा थर येतोय, तर रक्तातली साखर तपासा. मधुमेहात लघवीतली साखर बुरशीला पोसते आणि दाहाने कातडी कडक होते. साखर आटोक्यात येईपर्यंत मलम तात्पुरतंच काम करतं, आणि शस्त्रक्रियेची जखमही उशिरा भरते.

तिसरं, 'चीर' म्हणून जे सांगितलं जातं ते कधीकधी सिफिलिसचा न दुखणारा व्रण किंवा हर्पिसचे फुटलेले फोड असतात. संबंध थांबवूनही दोन-तीन आठवड्यांत जागा भरली नाही, कडा टणक लागल्या किंवा जांघेत गाठी आल्या तर फ्रेन्युलमचा विचार बाजूला ठेवून रक्ततपासणी करा.

क्षितिज_७

निदान पक्कं आहे, फक्त फ्रेन्युलम आखूड आहे, चीर अजून पडलेली नाही, असं धरू. ताण देण्याची नेमकी पद्धत कुणी लिहील का? नेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळी दिसते. आणि स्टेरॉइड मलमाचा खरंच उपयोग होतो का?

परिचारिका

ताण असा : अंघोळीत किंवा नंतर, कातडी कोमट आणि मऊ असताना. लिंग सैल. अंगठा आणि तर्जनीने कातडी मागे घ्यायची, खाली हलकी ओढ जाणवेल तिथे थांबायचं. दुखायला लागलं की आपण पुढे गेलो. तिथे ३० सेकंद धरायचं, सोडायचं, असं पाच-सहा वेळा, दिवसातून दोनदा. पहिल्या आठवड्यानंतर अर्धवट ताठ असताना तेवढीच ओढ. दर वेळी शेवटी कातडी पुढे आणून ठेवायची. ठिपक्याएवढं जरी रक्त दिसलं तरी पूर्ण भरेपर्यंत बंद, कारण उघड्या चिरेला ताण दिला की ती लांबीत न भरता वण जाड करून भरते.

मलम बहुतेकदा बीटामेथासोन असतं, ०.०५ ते ०.१ टक्के. अर्ध्या वाटाण्याएवढं घेऊन कातडीच्या आतल्या आवळलेल्या भागावर आणि फ्रेन्युलमवर पातळ लावायचं, दिवसातून दोनदा, चार ते आठ आठवडे. त्यापुढे आपल्या मनाने चालू ठेवायचं नाही. स्टेरॉइड दाह कमी करतं आणि कातडी पातळ व लवचीक करतं. हा पातळपणाच दुधारी आहे : प्रमाणाबाहेर लावलं तर तीच कातडी सहज चिरते. बुरशी किंवा हर्पिस असताना नुसतं स्टेरॉइड लावलं की आजार पसरतो. स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मलमं तर स्वतःहून अजिबात लावू नयेत. दोन दिवस लालसरपणा जातो, निदान मात्र झाकलं जातं.

शल्यमित्र

एक भर, आणि ती महत्त्वाची आहे. मलम आणि ताणाचा चांगला परिणाम दिसलाय तो फायमोसिसच्या कड्यावर. एकट्या आखूड फ्रेन्युलमसाठी पुरावा तुटपुंजा आहे. कारण रचनेत आहे : कडं म्हणजे पसरू शकणारी कातडी, तर फ्रेन्युलम ही अरुंद दोरी. सगळा ताण दोन-तीन मिलिमीटर रुंदीवर येतो. तरी चीर कधीच पडली नसेल, ओढ किरकोळ असेल तर सहा-आठ आठवडे प्रयत्न करायला हरकत नाही.

क्षितिज_७

मला वाटतं कुणालाही आधी तीन-चार महिने ताणच द्यायला सांगावं. कापाकापी शेवटी.

शल्यमित्र

एकदाही न चिरलेल्या फ्रेन्युलमबाबत तुमचं बरोबर. पण दोन-तीनदा चिरून भरलेल्याला तोच सल्ला दिला तर माणसाचे महिने फुकट जातात. भरलेला वण मूळ कातडीइतका मजबूत कधीच होत नाही. तीन महिन्यांनी फार तर ८० टक्क्यांपर्यंत पोचतो, आणि पहिल्या तीन आठवड्यांत तर पाव-एक ताकदच असते. शिवाय वण आकसतो. म्हणजे प्रत्येक चिरेनंतर दोरी आधीपेक्षा आखूडही होते आणि ठिसूळही. बोटाला फ्रेन्युलममध्ये कडक, पांढरी गाठ किंवा तार लागत असेल तर तो वण आहे. त्याला ताण देणं म्हणजे पुढच्या चिरेची तयारी.

अनामिक_वाचक

चिरली तर त्या क्षणी काय करायचं? रक्त पाहून माणूस घाबरतो.

परिचारिका

आडवं व्हा. स्वच्छ रुमाल किंवा गॉज घेऊन चिरेवर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत सलग १० ते १५ मिनिटं घट्ट दाबून ठेवा, घड्याळ लावून. मध्येच उघडून बघण्याची चूक सगळे करतात, आणि बसलेली गुठळी निघून रक्त पुन्हा सुरू होतं. ताठरता ओसरली की रक्त आपोआप कमी होतं. त्यासाठी कापडात गुंडाळलेला बर्फ शेजारी टेकवा, थेट कातडीवर नको. लिंगाच्या मुळाशी दोरा किंवा रबर बांधू नका.

दोनदा १५ मिनिटं दाबूनही थांबलं नाही, चीर मूत्रमार्गाच्या छिद्रापर्यंत गेली, लघवीतून रक्त आलं, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर इस्पितळ. तिथे धमनीला एक टाका घातला की प्रश्न मिटतो.

नंतर साध्या पाण्याने धुवायचं. हायड्रोजन पेरॉक्साइड, जंतुनाशक द्रावण, आफ्टरशेव्ह यातलं काहीही नको, भरणाऱ्या पेशीच जळतात. कातडी पुढे ठेवायची, चिकटू नये म्हणून व्हॅसलीनचा पातळ थर. संबंध आणि हस्तमैथुन निदान चार आठवडे बंद. वरून भरलेलं एका आठवड्यात दिसतं आणि तिथेच लोक फसतात.

रानवाट

आणि जे लाजेने राहून जातं ते : उघडी चीर म्हणजे संसर्गाला उघडं दार. जोडीदाराची एचआयव्हीची स्थिती माहीत नसेल आणि निरोध नसताना चीर पडली असेल तर ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषधं सुरू करता येतात, जितकी लवकर तितकी चांगली. हेपॅटायटिस बी आणि सिफिलिसचंही विचारून घ्या.

अनामिक_वाचक

वंगणाने भागतं का? आणि बधिर करणारं जेल?

परिचारिका

वंगणाने घर्षण कमी होतं, लांबी वाढत नाही. तरी सौम्य त्रासात बराच फरक पडतो. निरोध असेल तर पाण्यावर आधारित किंवा सिलिकॉनचं वंगण. तेल आणि व्हॅसलीनने लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं. निरोध चढवताना कातडी मागे ताणून न ठेवता थोडी पुढे सोडली तर फ्रेन्युलमवरची ओढ कमी होते. सुरुवात सावकाश, जोडीदार वर, म्हणजे खोली आणि वेग आवरता येतो.

बधिर जेल मात्र नको. दुखणं हीच इथली सूचना आहे. ती बंद केली की चीर पडल्याचं रक्त दिसल्यावर कळतं.

रानवाट

एक गोष्ट ठणकावून सांगतो. नेटवर दोरा बांधून फ्रेन्युलम 'हळूहळू कापण्याची' युक्ती फिरते, कुणी रबर सांगतं, कुणी सुईने छिद्र करून दोरा ओवायला सांगतं. हे करू नका. दोरा आवळल्यावर तिथलं रक्त बंद होऊन मांस मरतं, त्यात जंतू वाढतात, आणि मूत्रमार्ग तिथून अवघ्या काही मिलिमीटरवर आहे. तिथपर्यंत इजा गेली तर लघवी भलत्याच जागेतून गळू लागते आणि ते दुरुस्त करणं फ्रेन्युलमच्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी अवघड असतं. शिवाय असा तुटलेला फ्रेन्युलम टाक्यांविना भरतो, म्हणजे पुन्हा आकसतो.

औदुंबर

शस्त्रक्रियेवर आता सविस्तर येऊ दे. 'आडवं कापून उभं शिवतात' असं ऐकतो, त्यामागचा हिशोब काय?

शल्यमित्र

हिशोब भूमितीचा आहे. फ्रेन्युलम उभा ताणून धरायचा आणि मध्यावर आडवा छेद द्यायचा, साधारण एक ते दीड सेंटिमीटर. ओढ सुटताच जखम आपोआप उघडते आणि तिचा आकार पतंगासारखा होतो. आता डावी कड उजव्या कडेला जोडायची, म्हणजे टाक्यांची रेघ उभी येते. जी रुंदी होती ती लांबीत गेली. याला फ्रेन्युलोप्लास्टी म्हणतात. कातडी काढून टाकली जात नाही, जागेची संवेदना बहुतांशी राहते. आकस फार असेल तर झेड-प्लास्टी : ६० अंशांच्या दोन त्रिकोणी घड्या उचलून अदलाबदल करायच्या. कागदावर लांबी ७५ टक्के वाढते, प्रत्यक्षात कमी, पण ताण एका रेषेत न राहता मोडला जातो.

नुसतं कापून सोडणं, म्हणजे फ्रेन्युलोटॉमी, पाच मिनिटांत होते. पण उघडी जखम कडांनी आत ओढली जात भरते आणि मिळवलेली लांबी परत जाऊ शकते. फ्रेन्युलेक्टॉमीत फ्रेन्युलम पूर्ण काढतात. तो सगळा वणच झाला असेल तर ती योग्य.

भूल जागेवरचीच. त्यातही एक बारकावा आहे. लिंगाच्या मुळाशी वरून दिलेलं इंजेक्शन फ्रेन्युलमला पुरं पडत नाही, कारण खालच्या बाजूला पेरिनियल चेतातंतूच्या फांद्या येतात. म्हणून फ्रेन्युलमच्या बुडाशी वेगळं थोडं लिग्नोकेन सोडावं लागतं. ते न केल्याने 'भूल दिली तरी दुखलं' अशी तक्रार येते. सुईचं दुखणं कमी करायला आधी १५ मिनिटं लिग्नोकेन-प्रिलोकेन मलम लावून घेता येतं, तसं मागून घ्या. एकूण काम १५ ते ३० मिनिटांचं, त्याच दिवशी घरी.

टाके विरघळणारे, ४-० किंवा ५-० जाडीचे. लवकर विरघळणाऱ्या पॉलिग्लॅक्टिन धाग्याची पकड दहा ते चौदा दिवस टिकते, दोन-तीन आठवड्यांत गळून पडतो.

बिघडतं कुठे? धमनी बांधायची राहिली तर रात्री ताठरतेबरोबर रक्त साठून गाठ होते. छेद उथळ राहिला तर खालचे तंतू तसेच उरतात आणि ओढ कायम राहते. फार खोल गेला तर मूत्रमार्ग. टाके ताणून घातले तर कड मरते आणि टाका सुटतो. संसर्ग, जाड वण, काही काळ संवेदना बदलणं, आणि काहींना पुन्हा तीच तक्रार. ही यादी सर्जनने आधी सांगायला हवी.

क्षितिज_७

मग काही ठिकाणी थेट सुंताच का सुचवतात?

शल्यमित्र

कडंही अरुंद असेल, लायकेन स्क्लेरोससने कातडी खराब झाली असेल, किंवा फ्रेन्युलोप्लास्टीनंतरही चिरत असेल तर सुंता योग्यच आहे. पण तोंड सैल, कातडी निरोगी आणि फक्त दोरी आखूड असताना सुंता म्हणजे दुखतंय त्याहून बरंच जास्त काढणं. परत जोडता येत नाही, म्हणून लहान शस्त्रक्रिया आधी. 'माझं कडं अरुंद आहे का, की फक्त फ्रेन्युलम?' हा प्रश्न सरळ विचारा, आणि सुंता सुचवली तर कारण विचारा. सुंता करायची ठरलीच तर फ्रेन्युलमचं काय करणार हेही विचारा. तो तसाच राहिला तर ओढही राहू शकते.

रानवाट

शीघ्रपतनासाठी फ्रेन्युलम काढण्याची जाहिरातबाजी चालते, त्याबद्दलही लिहितो. २०१० मध्ये आलेल्या एका अभ्यासात आखूड फ्रेन्युलम असलेल्यांमध्ये तो काढल्यावर वेळ वाढल्याचं दिसलं होतं. पण तो निवडक रुग्णांवरचा छोटा अभ्यास होता. फ्रेन्युलम सामान्य लांबीचा असताना केवळ या कारणासाठी कापून घेऊ नये. वर्तनाचे उपाय आणि औषधं आधी आहेत.

औदुंबर

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस कसे काढायचे?

परिचारिका

आधीची तयारी : ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका. तिथले केस आदल्या दिवशी घरी वस्तऱ्याने काढू नका, बारीक जखमा होतात. घट्ट, आधार देणारी अंतर्वस्त्रं न्या.

पहिले दोन दिवस लिंग वर, पोटाच्या दिशेने ठेवलं की सूज कमी राहते. टाक्यांखालची कातडी पाण्याच्या फुग्यासारखी फुगते, निळसर होते. बघायला भीती वाटते, पण दहा-बारा दिवसांत ओसरते. दुखण्यावर पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही. यकृताचा त्रास असेल किंवा वजन ५० किलोहून कमी असेल तर मात्रा विचारून घ्या. अंघोळ २४ ते ४८ तासांनी, वाहत्या पाण्याखाली, साबण न चोळता, टिपून कोरडं करायचं. पट्टी चिकटली असेल तर ओढू नका, कोमट पाण्याने भिजवून सोडवा.

खरी कसोटी रात्री. झोपेतली ताठरता कुणाच्या हातात नसते आणि ती टाक्यांवर ओढ आणते. झोपण्याआधी लघवी करून घ्या, कुशीवर पाय दुमडून झोपा, जाग आली तर उठून चार पावलं चाला. पहिला आठवडा गेला की हे बरंच सुसह्य होतं.

अनामिक_वाचक

टाक्यांवरून कातडी मागे घ्यायची की नाही? दोन्ही सल्ले वाचलेत.

शल्यमित्र

दोन्ही खरे आहेत, दिवस वेगळे. पहिले तीन-चार दिवस हात लावू नका. नंतर रोज एकदा अंघोळीत, सैल असताना, अलगद मागे घेऊन लगेच पुढे, कारण दोन ओले पृष्ठभाग चिकटून बसले की पुन्हा आकस येतो. मागे ठेवून विसरू नका, सुजलेल्या कातडीचं पॅराफायमोसिस पटकन होतं. तुमच्या सर्जनने शिवताना काही वेगळं केलं असेल तर त्याचा शब्द धरा.

संबंध चार ते सहा आठवड्यांनी, टाके पडून जागा गुलाबी पण कोरडी झाल्यावर. पहिल्या काही वेळा निरोध आणि भरपूर वंगण. तीन-चार महिन्यांपर्यंत वण मऊ होत राहतो, तोवर थोडा टणकपणा राहिला तर घाबरू नका. सहाव्या आठवड्यापासून व्हॅसलीन लावून दिवसातून दोन-तीन मिनिटं वणावर बोटाने गोल चोळलं तर तो लवकर सैल पडतो.

परिचारिका

एक-दोन टाके आधी सुटले आणि रक्त नाही, तर जखम सावकाश भरते, पुन्हा शिवावं लागतंच असं नाही. पण दाखवून घ्या. ताप, पिवळा-हिरवा पू, वाढत जाणारी लाली, १५ मिनिटं दाबूनही न थांबणारं रक्त, किंवा लघवी अडणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.

औदुंबर

पहिल्या तीन-चार दिवसांनंतर अलगद मागे, लगेच पुढे, हे नोंदवून घेतो. शिवल्यावर कातडी कधीपासून हलवायची, ही तारीख शस्त्रक्रियेच्याच दिवशी सर्जनकडून कागदावर लिहून घ्या.